ऐकणें आणि शिकणें

तास संपतां संपतां प्राध्यापक विचारतात, "समजलें ना?" आणि साऱ्या वर्गांतून एकमुखानें होकार येतो. हा होकार पुष्कळदां सौजन्याचा असतो, समजुतीचा नव्हे. ऐकलें म्हणजे शिकलें, हें गृहीत धरूनच उच्च शिक्षणाचा बराचसा व्यवहार चालत आला आहे. तें किती डळमळीत आहे, हें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांतील एका प्रसंगावरून ध्यानांत येतें.

तेथें एरिक मझूर हे १९८४ पासून पदार्थविज्ञान शिकवीत होते. त्यांचीं व्याख्यानें विद्यार्थ्यांना आवडत. परीक्षेंतील अवघड उदाहरणेंही ते सोडवीत. १९९० च्या सुमारास त्यांनीं वर्गाला बलाविषयीं कांहीं साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले. अशा प्रश्नांचा एक नमुना असा: अवजड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणती कोणावर अधिक बल लावते? दोन्ही बलें सारखींच असतात. लहान मोटारीची दुर्दशा अधिक होते, ती तिचें वस्तुमान कमी म्हणून. परंतु न्यूटनचा तिसरा नियम मुखोद्गत असलेलेही येथें चुकतात. त्या चांचणीच्या वेळीं एकानें विचारलें कीं, उत्तर आपण शिकविलें तसें द्यावयाचें, कीं एरवीं मनाला वाटतें तसें? तोंवरचें अध्यापन पालथ्या घड्यावरील पाणी ठरल्याचें त्या एका प्रश्नानें उघड झालें.

यांतून मझूर यांनीं १९९१ मध्यें नवी रीत घातली. पाठ विद्यार्थ्यांनीं आधींच वाचून यावयाचा. वर्गांत थोडें विवेचन होतें, मग पर्याय देऊन एक प्रश्न विचारला जातो. प्रत्येकानें प्रथम एकट्यानें विचार करून आपलें उत्तर खुणेच्या कार्डानें किंवा हातांतील लहानशा यंत्रानें नोंदवावयाचें. मतभेद बराच दिसला, तर शेजाऱ्याशीं वाद करून त्याला आपलें म्हणणें पटवावयाचें; नंतर पुन्हां उत्तर द्यावयाचें आणि शेवटीं प्राध्यापकांनीं उलगडा करावयाचा. ज्याला गोष्ट आत्तांच उमगली, त्याला ती कोठें अडते हेंही आठवत असतें. वर्षानुवर्षें शिकविणाऱ्या पंडिताला नवशिक्याच्या त्या अडचणीचा विसर पडलेला असतो.

अशा पद्धतींचा लाभ केवळ कल्पनेंतला नाहीं. विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या विषयांतील २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचें प्रमाण सरासरी शेंकडा ३३.८ होतें, विद्यार्थ्यांना बोलतें-करतें ठेवणाऱ्या वर्गांत तें २१.८ भरलें. मात्र २०१९ सालीं हार्वर्डमधूनच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, स्वतः धडपडून शिकलेले विद्यार्थी अधिक शिकले, तरी आपण कमी शिकलों असें त्यांना वाटलें. ओघवतें व्याख्यान सुखाचें असतें. विचाराला श्रम पडतात, आणि ते श्रम अपयशासारखे भासतात.

हीच कसोटी इंटरनेटवरील शिक्षणास लागू पडते. २०११ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापकांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग सर्वांस विनामूल्य खुला केला. सुमारें १,६०,००० लोकांनीं नांवें नोंदविलीं. शेवटपर्यंत टिकले सुमारें २३,०००. भारतांत आय. आय. टी. संस्था आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांनीं २००३ पासून 'एनपीटेल' चालविलें. २०१७ मध्यें 'स्वयम्' सुरू झालें. खेड्यांतील विद्यार्थ्याला नामांकित अध्यापक घरबसल्या लाभावा, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पडद्यावरील व्याख्यान नुसतें पाहिलें, तर जुनाच दोष नव्या पोशाखांत परत येतो. व्याख्यान मध्येंच थांबवून प्रश्न विचारला, उत्तर दिल्यावांचून पुढें जाऊं दिलें नाहीं, आणि व्याख्यान घरीं ऐकून वर्गाचा तास चर्चेला राखला, तर त्याच साधनाचें चीज होतें.

नभोवाणीवरील वक्त्यालाही श्रोत्यांचे चेहरे दिसत नाहींत. तेथें परीक्षा घरांतल्यांनींच घ्यावयाची. मुलगा अगर मुलगी महाविद्यालयांतून परतल्यावर "तास झाला का?" असें न विचारतां "आज जें शिकलांत तें मला समजावून सांगा" असें म्हणून पाहावें. सांगतां सांगतां वाणी जेथें अडखळेल, तेथूनच त्या दिवसाचा खरा अभ्यास सुरू होतो.