पाठीतलं पाणी कशासाठी काढतात?

तायांनो, लेकरू तापानं फणफणलंय, दूध ओढत नाही, उठवलं तरी डोळे उघडत नाही, टाळू फुगलीय किंवा झटका आलाय, तर अंगारा लावून रात्र काढू नका. १०८ ला फोन करा, परभणीचं जिल्हा रुग्णालय गाठा. मोठ्या मुलाची मान ताठते, उजेड सोसत नाही. तान्ह्याची मान मऊ असली तरी मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते.

डॉक्टर पाठीतलं पाणी तपासू म्हणाले की घरचे अडवतात, "सही करू नका, लेकरू लुळं पडेल." ही भीतीच घातक. मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली सुई घालून थोडेच थेंब घेतात. जिवाणू असतील तर पाणी बहुधा गढूळ, साखर घटलेली. विषाणू असतील तर बहुधा नितळ, साखर ठीक. नुसत्या तापावरून हे कळत नाही. जिवाणूचा आजार काही तासांत जीव घेऊ शकतो, म्हणून रिपोर्टआधीच अँटिबायोटिक सुरू करतात.

विषाणू निघाला तर बहुतेक लेकरं सावरतात. पण सगळेच विषाणू साधे नसतात. नागपूरच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला, १९६५ साली सापडलेला विषाणू थेट मेंदूवर जातो, एक-दोन दिवसांत मूल दगावू शकतं.

जाताना लसीचं कार्ड घ्या. गावात आधी कोणती गोळी-इंजेक्शन दिलं तेही सांगा. त्यानं तपासणीचा निकाल बदलू शकतो.