लोखंडात मुरलेलं भाडं

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत, साचा फोडून नुकतंच बाहेर काढलेलं कास्टिंग बघा. अंगाला काळी वाळू चिकटलेली, पोटात अजून धग. त्यात लोखंड आहे, वीज आहे, मजुरी आहे, हे कुणीही सांगेल. पण शेडचं भाडंही त्यात आहे का? हिशेबशास्त्राकडे याची दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही पटतात!

सोपे आकडे घेऊ. नगामागे माल, वीज आणि मजुरी मिळून ३०० रुपये. भाडं, सुपरवायझरचा पगार, यंत्रांचा घसारा हा स्थिर खर्च महिन्याला १ लाख. १,००० नग ओतले, ५०० रुपयांनी ८०० विकले, २०० गोदामात उरले.

व्हेरिएबल कॉस्टिंग म्हणतं: भाडं महिन्याचं, महिना सरला, भाडं सरलं. उरलेला माल ६०,००० रुपयांचा, नफा ६०,०००.

ॲब्सॉर्प्शन कॉस्टिंग म्हणतं: शेडच नसती तर नग झाला असता का? तेव्हा प्रत्येक नगात स्थिर खर्चाचे १०० रुपये मुरलेत. माल ८०,००० रुपयांचा, नफाही ८०,०००. वरचे २०,००० म्हणजे न विकलेल्या २०० नगांत बसून पुढच्या महिन्यात गेलेला खर्च!

आता विक्री तेवढीच ठेवून २,००० नग ओता. स्थिर खर्च नगामागे ५० वर उतरतो आणि दुसऱ्या पद्धतीत नफा १,२०,००० होतो. गिऱ्हाईक एकही वाढलं नाही, फक्त थप्पी वाढली. पहिल्या पद्धतीत नफा ६०,०००च.

उलटंही घडतं. १,००० नगांच्या त्या पहिल्या महिन्यानंतर दुसऱ्या महिन्यात ८०० ओतून १,००० विकले, तर पहिली पद्धत १ लाख नफा दाखवते, दुसरी पुन्हा ८०,०००च. विक्री वाढूनही नफा जागचा हलत नाही. विक्री आणि नफ्याची अशी फारकत अमेरिकेत जोनाथन हॅरिस यांनी १९३६ साली लेखातून मांडली आणि पहिल्या पद्धतीला बळ मिळालं.

तरी भारतात ताळेबंदासाठी लेखा मानक २ दुसरी पद्धतच मागतं; मात्र उत्पादन घटलं म्हणून नगावरचा बोजा वाढवू देत नाही. कारखान्याच्या आतले निर्णय घ्यायला पहिली उपयोगी पडते.

दोन्ही महिन्यांची बेरीज करा: ६० आणि १००, ८० आणि ८०. दोन्हीकडे १ लाख ६० हजार! गोदाम रिकामं झालं की वाद मिटतो. तोवर थप्पीतल्या प्रत्येक थंड नगात गेल्या महिन्याचं भाडं गिऱ्हाइकाची वाट बघत असतं.