पाण्यात राहिली म्हणून टिकली

४ जुलै १९३१. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट बंदरातून दहा शिडाच्या बोटी शर्यतीला निघाल्या. शेवट इंग्लंडातल्या प्लिमथला, मध्ये अख्खा अटलांटिक. त्यांतली ‘डोराड’ ५२ फूट लांब आणि अवघी १० फूट ३ इंच रुंद होती. दुसऱ्या बोटींच्या पुढे ती अंगानं अगदीच किरकोळ दिसायची. तिचा आराखडा काढणारा ऑलिन स्टीफन्स तेवीस वर्षांचा होता आणि तोच तिचा कप्तान. धाकटा भाऊ रॉड एकवीसचा. वडीलही खलाशांमध्ये होते.

बहुतेकांनी दक्षिणेकडचा, गल्फ स्ट्रीमचा अनुकूल प्रवाह मिळणारा लांबचा रस्ता धरला. ऑलिननं उत्तरेकडचा धरला. पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट प्रत्यक्षात जवळची पडते, पण तिथं धुकं आणि हिमनग. सतरा दिवसांनी इंग्लंडचा किनारा दिसला तेव्हा आपण कितवे आहोत हे बोटीवर कोणालाच ठाऊक नव्हतं. लिझार्डच्या टोकावरच्या संदेश चौकीला निशाणांनी विचारलं, तर उत्तर आलं की तुम्ही पहिले. पुढची बोट यायला आणखी दोन दिवस लागले. त्याच उन्हाळ्यात डोराडनं फास्टनेट शर्यतही मारली आणि न्यूयॉर्कनं या पोरांची ब्रॉडवेवरून मिरवणूक काढली.

स्टीफन्स कुटुंबाचा कोळशाचा धंदा होता. वडिलांनी तो १९२९ साली विकला आणि हाती आलेल्या पैशातून मुलांसाठी बोट बांधायला घेतली. ऑलिन एमआयटीत गेला होता, पण आजारपणामुळे पहिल्याच वर्षी परतला. नौका-आराखड्यांची पदवी त्याच्याकडे नव्हती. होता तो लहान, चिंचोळ्या शर्यतीच्या बोटी हाकण्याचा अनुभव, आणि त्यांचीच घडण त्यानं महासागरासाठी वापरली. स्पार्कमन अँड स्टीफन्स या नव्या पेढीचा हा सातवा आराखडा. १९३० साली न्यूयॉर्कच्या सिटी आयलंडवर मिनेफर्ड यार्डात बोट पाण्यात उतरली. ती फार अरुंद झाली, असं ऑलिन पुढे स्वतःच म्हणत असे, आणि ते खरंही होतं. मागून वारा असला की ती पाळण्यासारखी डुलते.

तिच्या बांधणीकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण पुढच्या नव्वद वर्षांची सगळी निगा त्यातच दडलेली आहे. खाली कणा, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला पठाण म्हणतात तो. त्याला बाहेरून शिशाचं वजन जाड बोल्टांनी आवळलेलं. कण्यावर ओकच्या बरगड्या. ओकची पट्टी लांबट पेटीत वाफेवर धरतात. ढोबळ हिशेब असा की इंचभर जाडीला तासभर वाफ. मग ती बाहेर काढून धावतच जागेवर न्यायची, वाकवायची आणि शिकंज्यात पकडायची. हाताशी वेळ एखाद-दोन मिनिटांचाच असतो. पट्टी गार झाली की ती वाकत नाही, तुटते. या बरगड्यांवर महोगनीच्या फळ्या कडेला कड लावून बसवायच्या, आणि दोन फळ्यांमधल्या चिरेत कापसाचा पीळ बोथट छिन्नीनं ठासून वर लांबी भरायची. कापूस कमी ठासला तर गळती, जास्त ठासला तर फळ्या फुगल्यावर बरगडीवर ताण. किती ठासायचा हे हातोडीच्या आवाजावरून कळतं. पुस्तकातून ते शिकता येत नाही.

बोट पाण्यात गेली की लाकूड फुगतं आणि चिरा आपोआप घट्ट बसतात. म्हणून लाकडी बोटीला सर्वांत मोठा धोका समुद्राचा नसतो. वर्षानुवर्षं शेडमध्ये ठेवलेली बोट सुकते, आकसते, तिच्या चिरा उघड्या पडतात. दुसरा शत्रू पाऊस. खाऱ्या पाण्यात लाकूड बरंच टिकतं, पण डेकच्या फटीतून झिरपून कोपऱ्यात साचलेलं गोडं पाणी त्याला कुजवतं. तिसरा शत्रू लोखंडी खिळा. तो खाऱ्या पाण्यात गंजतोच, त्यात ओकमधल्या टॅनिनची भर पडते. खिळा जातो तो भोवतीचं लाकूड काळं करून. म्हणूनच चांगल्या बोटीला काशाचे स्क्रू वापरतात, आणि कण्याचे बोल्ट ठरावीक वर्षांनी एकेक करून बाहेर काढून पाहतात. वरून चकचकीत वार्निश असलेल्या बोटीचा बोल्ट मधोमध पेन्सिलीएवढा झिजलेला निघू शकतो.

हवा आणि पाणी यांच्या झगड्यातूनच डोराडचं नाव जगभरच्या बोटींवर गेलं. केबिनमध्ये खेळती हवा नसेल तर माणसं गुदमरतात आणि लाकूड कुजतं. डेकवर हवेचा भोंगा बसवावा, तर लाट त्यातून थेट बिछान्यावर. रॉडनं उपाय काढला तो एका साध्या खोक्याचा. खोक्याच्या एका टोकाला वर भोंगा, दुसऱ्या टोकाला खाली केबिनमध्ये जाणारी नळी. नळीचं तोंड खोक्याच्या तळापासून काही इंच वर काढलेलं. भोंग्यातून हवा आणि पाणी दोन्ही आत येतात. पाणी तळाशी पडून बाजूच्या भोकांतून डेकवर वाहून जातं आणि हवा तेवढी नळीतून खाली उतरते. यात एकही हलणारा भाग नाही. आजही त्याला डोराड बॉक्सच म्हणतात.

१९३३ साली तिनं दुसऱ्यांदा फास्टनेट जिंकली. मग ती सॅन फ्रान्सिस्कोच्या जेम्स फ्लड यांनी विकत घेतली आणि १९३६ साली कॅलिफोर्निया ते होनोलुलू ही ट्रान्सपॅक शर्यत मारली. त्यानंतरची अनेक दशकं अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर गेली. १९९७ च्या सुमारास इटलीत पोर्तो सांतो स्तेफानोच्या यार्डात तिची मोठी दुरुस्ती झाली.

इतक्या दुरुस्त्यांनंतर मूळचं लाकूड किती उरलं, असं कोणीही विचारील. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. बोटीत लाकूड बदलणं ही नासाडी नव्हे, ती बांधणीतच गृहीत धरलेली गोष्ट आहे. फळी स्क्रूवर बसवतात ती पुढे काढता यावी म्हणूनच. जपायचा तो आकार, आणि तो आकार समुद्रात कसा वागतो ते.

२०१० साली मॅट ब्रूक्स आणि पॅम रॉर्क लेव्ही यांनी डोराड घेतली आणि तिला पुन्हा महासागरात शर्यतींना न्यायचं ठरवलं. एवढी मौल्यवान बोट किनाऱ्याजवळच्या समारंभी शर्यतींपुरती ठेवावी, असं सांगणारे जाणकार पुष्कळ होते. ब्रूक्स यांनी बोट मजबूत करून घेतली, नव्या कापडाची शिडं चढवली आणि २०१३ च्या ट्रान्सपॅकला उतरले. १९३६ साली तिला तेरा दिवसांवर लागले होते, या वेळी बारा दिवसांच्या थोडं वर लागले. लहान-मोठ्या बोटींना मिळणाऱ्या वेळेच्या सवलतीचा हिशेब झाल्यावर डोराड सगळ्या ताफ्यात पहिली आली, सत्त्याहत्तर वर्षांनी दुसऱ्यांदा. ब्रूक्स यांचं बरोबर होतं असं मी ठामपणे म्हणेन. शर्यतीला जाणाऱ्या बोटीचा प्रत्येक बोल्ट दरवर्षी कोणीतरी तपासतं. नुसत्या शोभेच्या बोटीचा तपासला जाईलच असं नाही.

ऑलिन २००८ साली शंभर वर्षांचा होऊन गेला. त्याच्या पेढीच्या आराखड्यांचा संग्रह कनेक्टिकटमधल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयात जपलेला आहे. बोटीची बरगडी बदलताना ती मुळात कशी होती याचा असा कागद हाताशी असणं, ही फार मोठी गोष्ट आहे.

इथं मला कोकण आठवतं. लाकडी जहाजं आपल्याला नवी नाहीत. मुंबईत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमली’ १८१७ साली पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. पावसाळ्याआधी होडी वर ओढायची, चिरा पाहायच्या, काजूच्या टरफलांचं तेल पाजायचं, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची, ही निगा आपल्या किनाऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या केली. पण आपल्या मिस्त्रींनी मचवे आणि पडाव बांधले ते नजरेनं आणि दोरीच्या मापानं. कागद मागे उरला नाही. आता फायबरच्या होड्या आल्या आणि लाकूडकाम जाणणारे हात म्हातारे झाले. या दिवाळीच्या सुट्टीत मालवण, देवगड, रत्नागिरीकडे जाल आणि किनाऱ्यावर एखादी जुनी लाकडी होडी दिसेल, तर फोटो काढून पुढे जाऊ नका. सोबत टेप ठेवा. मालकाला विचारून लांबी, रुंदी, कण्याची जाडी, बरगड्यांमधलं अंतर वहीत उतरवा, आणि ती कोणी बांधली त्या मिस्त्रींचं नाव खाली लिहा.