शिवेचा तंटा आणि डोंगरचें पाणी

श्रोतेहो, तंटा आणि तह हे शब्द ऐकले कीं आपल्या डोळ्यांपुढें सैन्यें व राजधानींतील वाटाघाटी उभ्या राहतात. परंतु जगांतील पुष्कळसे तंटे जमीन, रान आणि पाणी यांवरून उद्भवतात. आणि शेजारच्या दोन गांवांनीं एकत्र बसून ते मिटविल्यावांचून वरच्या तहाचा फारसा उपयोग होत नाहीं. याचा विचार करण्यास नाशिक जिल्ह्यांतील आमचा सुरगाणा तालुका चांगलें उदाहरण आहे. येथें युद्ध झालें नाहीं. तरी येथील रानांत एक अबोल कलह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

प्रथम मुलूख कसा आहे तें सांगतों. गुजरातच्या सीमेस लागून असलेल्या या डोंगराळ भागांत 1948 पर्यंत एक लहानसें संस्थान होतें. वस्ती मुख्यत्वें कोकणा, वारली व महादेव कोळी यांची. पिकें भात, नागली आणि वरई. पाऊस येवला-नांदगांवच्या मानानें कितीतरी अधिक पडतो. तरीही चैत्र-वैशाखांत बायका हंडे घेऊन दरींतील झऱ्यापाशीं उतरतात. कारण उघड आहे. खालीं काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि उतार तीव्र. रान दाट असलें तर पाण्याचा वेग मोडतो, पालापाचोळा तें धरून ठेवतो, आणि तें झिरपत झिरपत झऱ्यास येतें. रान उघडें पडलें कीं तेंच पाणी माती घेऊन नार-पार नद्यांच्या वाटेनें समुद्रास जातें. आतां तर हवामानही पालटत आहे. थोड्या दिवसांत अतोनात पाऊस आणि मग लांब उघडीप, असें वारंवार घडूं लागलें आहे. म्हणून रानाचें मोल पूर्वीपेक्षां वाढलें आहे.

मग रान राखलें कां गेलें नाहीं? लोकांचें अज्ञान हें त्याचें उत्तर नव्हे. ब्रिटिश अमदानींत 1878 व 1927 सालीं झालेल्या वन कायद्यांनीं रानें सरकारच्या ताब्यांत गेलीं. संस्थान विलीन झाल्यावर येथील रानही त्याच व्यवस्थेंत आलें. आजोबांच्या वेळेपासून नागली पेरणारा माणूस कागदोपत्रीं अतिक्रमण करणारा ठरला. जें तुझें नाहीं म्हणून बजावलें जातें, तें राखण्याची बुद्धि कोणास होईल? शिवाय आपण झाड सोडलें तर शेजारचा पाडा तें नेईल, ही धास्ती. गांव व वनखातें, आणि गांव व गांव, असा दुहेरी तंटा माजला; त्यांत झाड गेलें, आणि झाडामागून झराही गेला.

2006 सालच्या वनहक्क कायद्यानें यावर तोडगा काढला. वनवासी जनतेवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या उद्देशिकेंतच आहे. त्याचीं दोन अंगें आहेत. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली जमीन, 4 हेक्टरांच्या मर्यादेंत, आदिवासी कुटुंबास मिळते; पट्टा पति-पत्नी दोघांच्या नांवें होतो, वारसांकडे जातो, पण विकतां येत नाहीं. दुसरें अंग सामूहिक हक्काचें. परंपरेनें गांव जें रान वापरीत व राखीत आलें, त्याचें रक्षण आणि व्यवस्था गांवाकडे येते.

यासाठीं ग्रामसभा 10 ते 15 जणांची समिति निवडते. तींत निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. देवस्थानें, दहनभूमि, झरे, गुरांच्या वाटा या खुणा पाहून समिति शीव नोंदते. वृद्धांचें लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालतें. एकाच रानावर दोन गांवांनीं हक्क सांगितला, तर दोन्ही समित्यांनीं एकत्र बसून कोणाचा उपभोग कसा आहे तें पाहावें व निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेस लेखी कळवावा, असा नियम आहे. ग्रामसभांस तें न साधलें तरच प्रकरण वर जातें. माझ्या मतें सर्व कायद्यांत हा नियम फार मोलाचा आहे. सरपण अमक्याचें, गुरांची वाट तमक्याची, पाणी दोघांचें, असें एकदां संमतीनें लिहिलें गेलें, म्हणजे राखणदारीची पाळीही वांटून घेतां येते.

हें नुसतें मनोराज्य नव्हे. गडचिरोली जिल्हा अनेक वर्षें नक्षलवादी व पोलीस यांच्या सशस्त्र संघर्षानें पोळला. त्याच जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास 2009 सालीं सुमारे 1,800 हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. तेथें निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें होतात. त्यामुळें हरलेला पक्षच उरत नाहीं. 2011 पासून तें गांव आपल्या रानांतील बांबू स्वतः विकूं लागलें. आमच्याच शेजारीं, धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत, बारीपाडा आहे. तेथील लोकांनीं श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें गेल्या शतकाच्या अखेरीस रान राखण्यास आरंभ केला; उजाड डोंगर हिरवा झाला व विहिरींस पाणी आलें. 2025 सालीं पवारांस पद्मश्री देण्यांत आली.

सुरगाण्यांत मात्र पुष्कळ काम उरलें आहे. वनजमिनीचे दावे रखडले म्हणून मार्च 2018 मध्यें हजारों शेतकरी नाशिकहून मुंबईस सुमारे 180 किलोमीटर पायीं गेले. त्यांत आमच्या तालुक्याचे लोक पुष्कळ होते. दहावीच्या परीक्षेस जाणाऱ्या मुलांचा खोळंबा होऊं नये म्हणून शेवटच्या रात्रीं विश्रांति न घेतां ते चालत राहिले. ज्यांच्या ठायीं हा विवेक आहे, त्यांच्या हातीं रान सोंपविण्यास भ्यावें कां? पुढें डिसेंबर 2022 मध्यें सीमेवरील कांहीं गांवांनीं सोयींच्या अभावीं गुजरातेंत जाण्याची मागणी केली. दुर्लक्ष फार दिवस चाललें म्हणजे आपलेपणाची शीवही पुसट होते, हाच त्याचा अर्थ.

शहरांतील श्रोत्यांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे. आमच्या डोंगरांतील पाणी गिरणेच्या खोऱ्यांत नेण्याच्या नार-पार-गिरणा योजनेस 2024 सालीं राज्य शासनानें मंजुरी दिली. खालच्या शेतांची तहान खरी आहे. परंतु आमच्यासारख्या अनुसूचित क्षेत्रांत प्रकल्पासाठीं जमीन घेण्यापूर्वीं ग्रामसभेशीं विचारविनिमय करावा, असें 1996 सालचा पेसा कायदा सांगतो. तो विचारविनिमय मनापासून झाला तर वरचें गांव व खालचें गांव हे पाण्याचे भागीदार होतील. तो टाळला गेला, तर आजवर रानाचा होता तो तंटा उद्यां पाण्याचा होईल.