बुडणें सोपें, वर येणें कठीण

बिनतारी संदेशांनीं चालणारी लहानशी पाणबुडी घरीं करावी, असा पुतण्यानें हट्ट धरला व आम्हीं मान तुकविली. होडी करणें निराळें आणि हें निराळें, हें हौदाच्या कांठीं बसल्यावर आमच्या ध्यानीं आलें.

कल्पना जुनीच. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील प्रदर्शनांत बिनतारी लहरींनीं चालणारी नौका लोकांस दाखविली. पण ती पाण्यावरच राहत असे. आमच्या पाणबुडीच्या पोटांत पिचकारीसारखी नळी आहे. मोटरनें दट्ट्या मागें ओढला कीं पाणी आंत येतें व नाव जड होते. पुढें ढकलला कीं हलकी. एक घन सेंटिमीटर पाणी म्हणजे अवघा एक ग्रॅम; पण तोल नेमका साधलेल्या नावेस तेवढाही तळ दाखवितो! खालीं शिसें व वर फोमचे तुकडे लावून हा तोल जुळविण्यांत आमचे तीन रविवार गेले.

खरी फजिती लहरींनीं केली. हल्लींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचाच्या लहरी पाण्यांत वीतभरही धड पोंचत नाहींत. नाव तळाशीं जाऊन बसली. वहिनींनीं धुणें वाळत घालावयाची काठी आणून दिली, तेव्हां निघाली! पुढें ४० मेगाहर्ट्झचा जुना संच मिळविला. त्याच्या लांब लहरी गोड्या पाण्यांत कांहीं फूट उतरतात. खाऱ्या पाण्यांत मात्र त्यांचाही इलाज चालत नाहीं. शिवाय संदेश तुटतांच दट्ट्या आपोआप पुढें सरावा, अशी योजना पुतण्यानें केली.

परवां त्यानें मुद्दाम संच बंद केला. हौदाभोंवतीं सारें घर जमलें होतें. कांहीं क्षण नुसते बुडबुडे. आणि मग काळें टोंक हळूच वर आलें.