गोधडी दुकानात ठेवताना

गटाच्या दुकानात गोधडी, केरसुणी, सूप ठेवायचं तर आम्ही आधी ठरवतो, पैसे कधी द्यायचे.

माल रोख घेतला, तर न खपल्याचा तोटा दुकानाचा. 'विकल्यावर पैसे' म्हटलं, तर तो बनवणारीच्या माथी. म्हणून आम्ही आधी थोडेच नग रोख घेतो. उरलेले विकल्यावर द्यायचे असतील, तर नग, दर, पैशाची तारीख वहीत लिहून दोघींच्या सह्या घेतो.

आता भाव. समजा, कापड-दोरा २०० रुपये आणि पाच दिवसांची मजुरी रोज २५० प्रमाणे १२५०. गोधडी १४५० ला पडली. दुकानाचा खर्च त्याच्या वर. ती १००० ला मागितली, तर ४५० रुपये तिच्या मजुरीतून गेले. 'घरचंच काम' म्हणून मजुरी सोडायची नाही.

शेवटी वेळ. आपल्या बीडच्या कितीतरी बाया दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लक्ष्मीपूजनाच्या केरसुण्या पोळ्यालाच सांगून ठेवा. थंडीच्या गोधड्या उन्हाळ्यातच शिवून घ्या, म्हणजे गावी असताना तिच्या हाताला काम मिळेल.