पाच जण, चार सायकली आणि एक जुनी गाडी

जुनी गाडी घ्यायची आहे असं चारचौघांत बोललं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं उगवतात. 'माझ्या साडूची आहे, डोळे झाकून घ्या' म्हणणारी एक जात, आणि 'जुनी कशाला, चार पैसे घालून नवीच घ्या की' म्हणणारी दुसरी. पहिल्यांचं ऐकलं तर डोळे उघडायची वेळ नंतर येते. दुसऱ्यांचे ते चार पैसे मोजायला बसलं तर चार-सहा लाखांच्या घरात जातात. अडतीस वर्षं एका बँकेत कर्जाच्या टेबलाशी बसल्यामुळे दोन्ही जातींची मला चांगली ओळख आहे. तरीही या खेपेला गाडी घ्यायची ती आम्हाला, म्हणजे पाच म्हाताऱ्यांना घ्यायची होती, आणि कारण जरा नाजूक होतं.

आम्ही पाचही जण अलिबाग तालुक्यातले. एक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, एक एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य घालवलेले, एक नारळ-सुपारीचे बागाईतदार, एक डॉक्टर आणि मी. साठी उलटल्यावर माणसं तीर्थयात्रेला लागतात, आम्ही गिअरच्या सायकली घेतल्या. जाड टायरच्या, डोंगरात चालणाऱ्या. रविवारी पहाटे निघायचं, नागाव-चौलच्या वाड्यांमधून रेवदंड्याला जायचं, कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईच्या टपरीवर चहा घ्यायचा. अंगात असेल तर काशीदचा चढ, फणसाडच्या कडेच्या लाल मातीच्या वाटा. सुना हसल्या, नातवंडांनी व्हिडिओ काढले. आमचं चालू राहिलं.

मग डॉक्टरांचे दोन्ही गुडघे बदलले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण खडकाळ उतारावरची सायकल बंद. रविवारी पहाटे आम्ही चौघे त्यांच्या गेटावरून जायचो आणि ते ओसरीवर उभे राहून हात करायचे. तीन रविवार हे झालं. चौथ्या रविवारी मास्तर रस्ता बदलून मागच्या गल्लीतून गेले, आम्हीही काही न बोलता त्यांच्यामागून गेलो. त्या संध्याकाळी डॉक्टरच माझ्याकडे आले. म्हणाले, "अहो, चुकवता कशाला? गाडी घेऊ. तुम्ही सायकली चालवा, मी गाडी चालवतो. लांब श्रीवर्धनपर्यंत जाऊ."

म्हणजे गाडी हवी ती पाच माणसं आणि चार सायकली नेणारी, आणि बदललेल्या गुडघ्यांनी चढता येईल अशी.

पिकअपचा विचार पहिल्यांदा आला तो माझ्या पुतण्यामुळे. तो अमेरिकेत असतो. फोनवर म्हणाला, "काका, इथे सरळ पिकअप घेतात. मागच्या फळीवर सायकली टांगल्या की झालं." त्याच्या बोलण्याला इतिहासाचा आधारही आहे. ही डोंगरी सायकल मुळात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली. १९७६ साली तिथली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली पिकअप ट्रकांत घालून डोंगरावर न्यायची आणि धुरळा उडवत खाली यायची. उतारावर ब्रेक इतका तापायचा की मागच्या चाकाच्या तुंब्यातलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून त्या शर्यतीचंच नाव 'रीपॅक' पडलं. तेव्हा सायकल आणि पिकअप ही जोडी जुनीच आहे.

पण आपल्याकडचा साधा पिकअप म्हणजे मालवाहू गाडी. पुढे दोन माणसं, मागे माल. मित्रांना मागे बसवून नेलं तर कायदा आड येतो, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. दुहेरी केबिनच्या, पाच जण बसतील अशा गाड्या मिळतात, एक पाहिलीही. देखणी होती, पण लांबी सव्वापाच मीटर! चौलच्या वाड्यांमधून समोरून एस.टी. आली की मागे कोणी घ्यायचं, यावर मास्तर आणि आमचे वाहतूक नियंत्रक यांची तिथल्या तिथे जुंपली. विषय मिटला.

मग राहिल्या त्या आपल्या ओळखीच्या उंच गाड्या. १९९४ ची सुमो (सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं बारसं झालं म्हणतात), २००० ची क्वालिस, त्याच साली आलेली बोलेरो, २००४ ची तवेरा. यांतली क्वालिस आता म्युझियमच्या वयाला आली. तवेरा बनवणाऱ्या कंपनीने २०१७ मध्ये भारतातली विक्रीच थांबवली. सुमोही २०१९ मध्ये बंद झाली. मला बँकेतली जुनी खोड आहे: ज्या मालाला उद्या गिऱ्हाईक नाही, तो तारण म्हणून घेऊ नये. बोलेरोचा सुटा भाग आमच्याकडे वडखळ नाक्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही मिळतो आणि झाडाखाली बसलेला मिस्त्रीसुद्धा तिला हात लावतो. फार नवी, २०२० नंतरची डिझेल गाडीही आम्हाला नको होती. त्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ राहायला गाडी लांब आणि वेगात पळावी लागते. सायकलींच्या मागून गोगलगायीसारखी चालणारी गाडी ती जाळी तुंबवून ठेवणार.

तर बोलेरो. पण कुठली?

इथे समुद्र मध्ये येतो. आमच्या किनाऱ्यावरची गाडी वरून धुतलेली, पुसलेली, टापटीप असते. रोग खाली असतो. खारी हवा पत्र्याला आतून खाते. दाराच्या खालच्या कडा, चाकावरच्या कमानी, पायरीचे सांधे, मागच्या दाराच्या बिजागऱ्या, सगळं आधी फुगतं आणि मग बोटाने दाबलं की पापडासारखं मोडतं. त्यातून मासळी वाहिलेली गाडी असेल तर विचारू नका. बर्फाचं खारं पाणी झिरपत झिरपत चासीच्या पोकळीत साठतं. रबरी पट्टी उचलून वास घेतला तरी कळतं. वास कितीही धुतला तरी जात नाही. आणि एक नवा प्रकार अलीकडे वाढला आहे. सुट्टीला आलेली मंडळी गाडी थेट पुळणीवर घालतात, भरती येते, मग ट्रॅक्टर बोलावून ओढून काढतात. दोन महिन्यांनी तीच गाडी 'फॅमिली यूज्ड' म्हणून बाजारात येते. चासीच्या भोकांत बोट घातलं की वाळू हाताला लागते.

आमच्याबरोबर यायला एक म्हातारे मिस्त्री कबूल झाले होते. त्यांची पद्धत मला फार आवडली. इंजिनाकडे ते सगळ्यात शेवटी बघायचे. आधी गाडीखाली पोतं टाकून आडवे व्हायचे आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासीवर ठोकत जायचे. टणटण आवाज आला तर पुढे. बद्द आला तर उठून हात झटकायचे. चासीला ताजा काळा रंग दिसला की ठोकायचेही नाहीत. "पावडर लावलीय. आत काय ते तोंड धुतल्यावर कळेल," एवढंच म्हणायचे. मग इंजिन चालू करून तेलाचं झाकण सैल करायचं. झाकण जाग्यावर थरथरलं तर ठीक, उडायला लागलं तर आतल्या रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरतंय. काळा धूर त्यातल्या त्यात बरा. तो बहुतेक वेळा पंप आणि नोझल दुरुस्त करून निघतो.

पुराची गाडी ओळखायचीही त्यांनी एक युक्ती दाखवली. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायचा. विकणारा वरचा हातभर पट्टा धुतो, आतला कोणी धूत नाही. तिथे चिखलाची रेघ राहते. २२ जुलै २०२१ ला महाडात सावित्रीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. पेणच्या बाजूला पाहिलेल्या एका गाडीच्या पट्ट्यावर अशी रेघ निघाली. विकणारा म्हणाला, "पोरांनी चॉकलेट सांडलं असेल." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "चॉकलेट फार सरळ रेषेत सांडतात तुमची पोरं."

दिल्लीकडच्या गाड्यांचा मोहही झाला. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि गाड्या पडेल भावाने परप्रांतात जाऊ लागल्या. पण तिथली नाहरकत आणा, इथला कर भरा, नवा नंबर घ्या, हे सगळं धरलं की स्वस्ताई निम्मी उरते. उरलेली निम्मी दलाल खातो.

शेवटी बागाईतदारांनीच अक्कल सांगितली. म्हणाले, "अहो, गुरं घ्यायला आपण घाट चढतो, मग गाडी घ्यायला का नको?" खरंच की! सगळा देश कोरडा नाही, कृष्णा-पंचगंगेच्या २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूर बुडालं होतं. पण माणदेश? जिथे माणसाच्या घशाला पाणी मिळताना मारामार, तिथे पत्र्याला गंज चढायचा कुठून? दहिवडीच्या बाजूला एका शेतकऱ्याची २०१६ ची बोलेरो मिळाली. धुळीने माखलेली, सीटांची कापडं फाटलेली, पुढच्या काचेला तडा. मिस्त्री खाली गेले आणि बराच वेळ टणटण ऐकू येत राहिलं. बाहेर आले ते हसतच.

यापुढचं काम माझं होतं. गाडीवर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवरून बोजा उतरवलेला नव्हता. माझ्या नोकरीत मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे: शेवटचा हप्ता भरला की माणूस पेढे वाटतो आणि फॉर्म पस्तीस विसरतो. बँकेची नाहरकत आणि तो फॉर्म हातात येईपर्यंत मी इसाराखेरीज पैसा दिला नाही. इंजिन आणि चासीचे नंबर कागदाशी पडताळले, दंडाच्या पावत्या बाकी आहेत का ते पाहिलं. फॉर्म एकोणतीस आणि तीस वर माझ्यासमोर सह्या झाल्या. 'सही करून ठेवा, नाव नंतर टाकू' हा आपल्याकडचा लाडका प्रकार होऊ दिला नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. गाडी त्याने कधीच विकली असली तरी. म्हणजे हे विकणाऱ्याच्याही हिताचं. त्याला ते समजावलं तेव्हा तो जेवायला थांबवून घेऊ लागला.

किंमत सव्वापाच लाख ठरली, प्रत्येकी एक लाख पाच हजार. आणि इथे पाच मित्रांची खरी परीक्षा सुरू झाली, कारण आरसीवर नाव एकाचंच घालायचं होतं. चालवणार डॉक्टर, तेव्हा नाव त्यांचं, असं आम्ही सहज बोलून गेलो. चहा घेऊन आलेल्या वहिनी तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "उद्या कुणाला काही झालं, तर दाव्यात नाव यांचंच ना? आणि तुम्ही चौघे जखमी झालात तर मी तुमच्या घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

कोणीच काही बोललं नाही. प्रश्न बिनतोड होता. नुसता 'थर्ड पार्टी' विमा असला तर खासगी गाडीत फुकट बसलेल्या मित्राला त्याचं संरक्षण मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. रस्त्यावरचा अनोळखी माणूस त्यात येतो, शेजारी बसलेला जिवलग येत नाही. त्यासाठी पूर्ण विमा लागतो. तो उतरवायचं ठरलं. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षणही घेतलं. गाडी जुनी, तिला एवढा विमा कशाला, असं एजंट म्हणत होता. मी त्याला म्हटलं, गाडी जुनी आहे, माणसंही जुनी आहेत, पण ती बदलून मिळत नाहीत. विमा आधीच्या मालकाच्या नावावरून चौदा दिवसांच्या आत बदलून घ्यायचा, तेही केलं. साध्या कागदावर पाच जणांचा करार लिहिला: खर्च समान, भाडं घेऊन कोणालाही न्यायचं नाही, कोणी गेला तर त्याचा वाटा त्या वर्षीच्या बाजारभावाने त्याच्या घरी द्यायचा. शेवटचं कलम वाचताना मास्तरांनी चष्मा पुसला आणि "शुद्धलेखन बरं आहे," एवढाच शेरा दिला. गाडीची नोंदणी २०३१ पर्यंत आहे. पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण करायची वेळ येईल तेव्हा करारातली किती नावं शिल्लक असतील याचा हिशेब मी मनात केला, सांगितला नाही.

सायकलींची व्यवस्था सोपी झाली. मागच्या आडव्या सीटा उचलायच्या, पुढची चाकं काढून दोन सायकली आत उभ्या करायच्या, दोन मागच्या स्टेपनीवर बसवलेल्या कॅरिअरला लावायच्या. नंबरप्लेट झाकली जात नाही ना, ते आधी पाहिलं. टपावर चढवायचं नाही असं ठरवूनच होतो. पंधरा किलोची सायकल डोक्यावर उचलून धरायचं आमचं वय नाही, आणि चौलच्या वाडीत वाकलेली फांदी विचारून आडवी येत नाही.

पहिल्या मोठ्या फेरीला आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो. पुढे दिवेआगर, आणि तिथून आरावी-शेखाडीच्या अंगाने समुद्राला चिकटून जाणारा श्रीवर्धनचा रस्ता. आम्ही चौघे पुढे, मागून डॉक्टर दुसऱ्या गिअरमध्ये. चढावर एस.टी.वाल्यांची चेन तुटली तर गाडी आपोआप शेजारी येऊन उभी, हत्यारांची पेटी उघडी. घरी परतल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायचं, हा आता नियम आहे. ते काम बागाईतदारांच्या विहिरीवर होतं.

एक अडचण राहिली होती. बोलेरोची पायरी उंच, आणि डॉक्टरांना पहिला पाय टाकताना दाराला लोंबकळावं लागायचं. मास्तरांनी टेप घेऊन जमिनीपासून पायरीपर्यंत माप काढलं आणि सुताराकडून बरोब्बर निम्म्या उंचीचा फणसाच्या लाकडाचा पाट करून घेतला. दोन सायकलींच्या मधल्या जागेत तो नेमका बसतो.